प्रदर्शनातील उपकरण आणि रोजनिशीतील शोध : शालेय विज्ञान प्रकल्पाच्या नियोजन व सादरीकरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शाळांच्या वार्षिक कार्यक्रमात विज्ञान प्रदर्शनाला एक ठरलेले स्थान आहे. तालुका स्तरावरील प्रदर्शनाचे परिपत्रक शाळेत येऊन पोहोचते, विज्ञान शिक्षक वर्गातील दोन चुणचुणीत मुले निवडतात, त्यांना एक विषय सुचवला जातो आणि पंधरवड्यात पुठ्ठा, रंग, तारा, छोटी मोटर व दिवे यांच्या साहाय्याने एक देखणी वस्तू तयार होते. प्रवेशपत्रिकेवर तिची नोंद होते ती 'उपकरणाचे नाव' या रकान्यात. विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, मार्गदर्शक शिक्षकाचे नाव, लागणारी जागा, वीजपुरवठा हवा की नको, असे इतर रकानेही असतात. विद्यार्थ्याला कोणता प्रश्न पडला होता, हे विचारणारा रकाना मात्र क्वचितच आढळतो.

या वस्तूला बोलताना 'प्रकल्प' म्हणतात. 'उपकरण' आणि 'प्रकल्प' हे दोन शब्द शालेय व्यवहारात सहजपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. वास्तविक त्यांचा अर्थ एक नाही. उपकरण ही तयार झालेली वस्तू आहे, तर प्रकल्प ही काळात घडणारी कृती आहे. तिला आरंभ असतो, चुका असतात आणि माघारही असते. ही दोन नावे एकरूप कशी झाली आणि त्या प्रक्रियेत नियोजनापेक्षा सादरीकरणाला अधिक महत्त्व कसे प्राप्त झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. शिक्षणशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत प्रकल्प पद्धतीचे गुणदोष विपुल सांगितलेले असतात. तिचा इतिहास मात्र किलपॅट्रिक यांच्या नावापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. तो इतिहास त्याहून बराच जुना आहे आणि गुंतागुंतीचाही आहे.

संज्ञेचा पूर्वेतिहास

जर्मन शिक्षण-इतिहासकार मिखाएल क्नॉल यांनी प्रकल्प या कल्पनेचे मूळ अमेरिकेतील शाळांत नव्हे, तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोम येथील कला अकादमीत असल्याचे दाखवून दिले आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना एखादे चर्च, स्मारक किंवा राजवाडा यांचा आराखडा स्वतंत्रपणे तयार करण्यास सांगितले जाई आणि या आराखड्यांची स्पर्धा होई. आराखडे प्रत्यक्षात बांधले जाणार नसत, म्हणूनच त्यांना 'प्रोजेत्ती' म्हणजे योजिलेल्या वस्तू असे नाव पडले. १६७१ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या राजकीय वास्तुकला अकादमीने ही प्रथा उचलली आणि पुढे ती अभियांत्रिकी शिक्षणात गेली. याचा अर्थ असा की स्पर्धा, परीक्षक आणि पारितोषिक ही प्रकल्पाला मागाहून चिकटलेली बांडगुळे नाहीत; ती त्याच्या जन्मापासूनची सोबती आहेत. शालेय प्रकल्पाचे 'शुद्ध' रूप पूर्वी होते आणि स्पर्धेने ते बिघडवले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

अमेरिकेत या कल्पनेला वेगळे वळण मिळाले ते शेतीच्या शिक्षणात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील रुफस स्टिम्सन यांनी १९०८ पासून 'गृहप्रकल्प' राबवला. शाळेत शिकलेले शेतीशास्त्र विद्यार्थ्याने घरच्या शेतावर वापरायचे, जमाखर्च ठेवायचा, उत्पन्न मोजायचे आणि शिक्षकाने शेतावर जाऊन ते पाहायचे, अशी ही योजना होती. येथे प्रदर्शन नव्हते. पीक आले किंवा आले नाही, हेच परीक्षण.

विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांचा 'द प्रोजेक्ट मेथड' हा निबंध १९१८ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. हेतू, नियोजन, कार्यवाही आणि मूल्यमापन हे त्यांनी सांगितलेले चार टप्पे आपल्याकडील डी.एड. आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाठ केले आहेत. या चारही टप्प्यांवर मुलाचा अधिकार असावा, ही मूळ भूमिका त्या पाठांतरात बहुधा निसटली. नियोजन शिक्षकाने करून दिले तर काम सुबक होईल हे किलपॅट्रिक यांना ठाऊक होते. तरीही ते मुलानेच करावे, असा त्यांचा आग्रह होता. जॉन ड्यूई यांना हा आग्रह एकांगी वाटला. मुलाच्या मनात येईल तो हेतू शैक्षणिक असतोच असे नाही, अनुभवी शिक्षकाने त्याला दिशा दिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाने काय करावे आणि शिक्षकाने कोठे थांबावे, हा वाद तेव्हापासून अनिर्णितच आहे.

विज्ञान प्रदर्शनाचा प्रवाह याहून स्वतंत्र होता. १९२८ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क या संस्थेने मुलांची विज्ञान जत्रा भरवली. ही संस्था मुळात शेती व उद्योग यांच्या जत्रा भरवणारी. त्यामुळे टेबलावर वस्तू मांडणे, परीक्षकांनी फेरी मारणे आणि पदके वाटणे हा सारा आकृतिबंध तिने व्यापारी जत्रेतूनच आणला. पुढे 'सायन्स सर्व्हिस' या संस्थेने १९४२ मध्ये विज्ञान प्रतिभा शोध सुरू केला आणि १९५० मध्ये फिलाडेल्फिया येथे पहिली राष्ट्रीय विज्ञान जत्रा भरवली. १९५७ च्या स्पुटनिकनंतर या जत्रांना राष्ट्रीय सुरक्षेचे वजन प्राप्त झाले. भारतात पुढे पोहोचला तो साचा प्रामुख्याने या जत्रेचा होता, स्टिम्सनच्या शेतावरचा नव्हे. योगायोग असा की १९२८ या वर्षीच पुण्यातून 'सृष्टिज्ञान' हे मराठी विज्ञान मासिक निघू लागले. मराठी वाचकाला निरीक्षणाची गोडी लावण्याचे काम अशा नियतकालिकांनी प्रदर्शनांच्या कितीतरी आधी आरंभले होते.

वर्ध्याचा पर्याय

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम समिती नेमली गेली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, जे. सी. कुमारप्पा आदी समितीचे सदस्य होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली. नई तालीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेचा विचार सहसा हस्तोद्योगाच्या किंवा स्वावलंबनाच्या संदर्भात होतो. विज्ञान शिक्षणाच्या इतिहासात तिला फारसे स्थान दिले जात नाही. ही उपेक्षा अन्यायकारक आहे.

टकळीवर सूत काढणारा मुलगा तार मोजतो, सुताचा अंक काढतो, कापसाच्या जाती ओळखतो, कोरड्या हवेत धागा का तुटतो याचा अनुभव घेतो आणि रोजच्या कामाची नोंद ठेवतो. समवाय या नावाने ओळखल्या गेलेल्या या पद्धतीत प्रश्न कामातून उपजतो आणि उत्तर कामावरच तपासले जाते. झाकिर हुसेन यांच्यावर जर्मन शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनस्टायनर यांच्या कार्यकेंद्री शाळेच्या विचाराचा प्रभाव होता. म्हणजे वर्ध्याची कल्पना केवळ स्वदेशी होती असेही नाही आणि अमेरिकेची उसनवारी होती असेही नाही.

नई तालीम सर्वत्र रुजली नाही. तिच्या अपयशाची कारणमीमांसा हा वेगळा विषय आहे. येथे एवढेच नोंदवणे पुरेसे आहे की, स्वातंत्र्यानंतर विज्ञान शिक्षणाची उभारणी सुरू झाली तेव्हा चरखा आणि प्रयोगशाळा यांना परस्परविरोधी मानले गेले. चरखा हे भूतकाळाचे आणि प्रयोगशाळा हे भविष्याचे प्रतीक ठरले. दैनंदिन नोंदीची, मोजमापाची आणि स्थानिक सामग्रीची जी शिस्त वर्ध्याच्या शाळेत होती, ती चरख्याबरोबरच अडगळीत गेली.

राष्ट्रीय प्रदर्शन आणि गुणपत्रकाचा पुरावा

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची स्थापना १९६१ साली झाली. १९६३ मध्ये परिषदेने राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू केली. या योजनेचे आरंभीचे स्वरूप आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. विज्ञान अभिरुची चाचणी आणि निबंध यांच्या जोडीला विद्यार्थ्याला स्वतः केलेल्या कामाचा प्रकल्प अहवाल सादर करावा लागे आणि त्यानंतर मुलाखत होई. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आल्यावर १९७६ च्या सुमारास योजनेचे रूप पालटले, तिच्यात सामाजिक शास्त्रे आली, वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या आणि प्रकल्प अहवाल गळून पडला. परीक्षार्थींची संख्या वाढली की सर्वप्रथम बळी जातो तो दीर्घकाळ चालणाऱ्या कामाचा. ही गोष्ट पुढेही वारंवार घडलेली दिसते.

दरम्यान कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य करण्याची शिफारस केली होती. विज्ञान सर्वांसाठी म्हटल्यावर ते सर्वांसमोर मांडणेही ओघाने आले. १९७१ साली दिल्ली येथे परिषदेचे पहिले राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरले. १९८८ पासून त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव मिळाले आणि अलीकडे ते राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी या नावाने भरते. महाराष्ट्रात तालुका, जिल्हा व राज्य अशी त्याची उतरंड तयार झाली. राज्यस्तरीय आयोजनात नागपूरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेचा वाटा मोठा राहिला. विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याला आणि प्रयोगशाळा सहायक व परिचरांनी तयार केलेल्या साहित्यालाही येथे स्वतंत्र विभाग मिळाला. प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या आणि उपकरणे पुसणाऱ्या माणसाच्या कौशल्याला सार्वजनिक मान देणारा हा विभाग आहे. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

या प्रदर्शनांच्या इतिहासाचे सर्वांत बोलके साधन म्हणजे परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांतील मूल्यमापनाचे निकष. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या या निकषांत मुलाच्या स्वतःच्या सर्जकतेला व कल्पनाशक्तीला २० टक्के, मौलिकता व नावीन्याला १५, वैज्ञानिक विचार वा तत्त्वाला १५, तांत्रिक कौशल्य व कारागिरीला १५, उपयुक्तता व शैक्षणिक मूल्याला १५, कमी खर्च, वाहून नेण्याची सोय व टिकाऊपणा यांना १० आणि सादरीकरणाला १० टक्के असे भारांकन आढळते.

वरवर पाहता सादरीकरणाला केवळ १० टक्के आहेत. मग सादरीकरण वरचढ झाले, हे विधान कशाच्या आधारे करावयाचे? उत्तर निकषांच्या वाचनात नाही, ते लागू करण्याच्या परिस्थितीत आहे. परीक्षक टेबलापाशी येतो, काही मिनिटे थांबतो आणि पुढे जातो. त्या मिनिटांत त्याला कारागिरी दिसते, टिकाऊपणा दिसतो, उपयुक्तता ऐकायला मिळते. सर्जकता मुलाची स्वतःची आहे की मार्गदर्शकाची, याचा अंदाज त्याने मुलाच्या बोलण्यावरूनच बांधायचा असतो. म्हणजे कागदावर १० टक्के असलेले सादरीकरण प्रत्यक्षात उरलेल्या ९० टक्क्यांचे प्रवेशद्वार ठरते. मूल पाठ केलेले निवेदन न अडखळता म्हणू लागते, मध्येच प्रश्न आला तर पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करते, हे दृश्य प्रदर्शनाच्या कोणत्याही दालनात नवे नाही. त्यात मुलाचा दोष नाही. ज्या गोष्टीची परीक्षा होते, तिची तयारी त्याने केली आहे.

या यादीतील अनुपस्थिती अधिक अर्थपूर्ण आहे. मापन किती वेळा घेतले, प्रत्येक वेळी ते सारखे आले का, न आल्यास काय केले, कोणता प्रयत्न फसला, या कशालाही स्वतंत्र गुण नाहीत. फसलेला प्रयत्न मांडायला टेबलावर जागाच नसते. उलट कमी खर्च व वाहून नेण्याची सोय हे निकष वस्तूचे आहेत, अन्वेषणाचे नव्हेत. विहिरीच्या पाण्याची पातळी सहा महिने मोजणाऱ्या मुलीला तिचे काम टिकाऊ आहे का, हा प्रश्न लागू पडत नाही. गुणपत्रकाने असा प्रकल्प नाकारला नाही, पण त्याची कल्पनाही केली नाही.

होशंगाबादचा धडा

प्रदर्शनाचा विस्तार होत असतानाच मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (या जिल्ह्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम) एक निराळा प्रयोग चालू होता. मे १९७२ मध्ये रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि डॉ. अनिल सद्गोपाल यांची किशोर भारती या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी खेड्यात येऊन राहू लागले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला, १९८२ मध्ये त्याची धुरा सांभाळण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली आणि पुढे पंधरा जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळा त्यात सहभागी झाल्या.

या कार्यक्रमात 'प्रकल्प' नावाचा वेगळा तास नव्हता. सहावी ते आठवीचे सारे विज्ञानच त्या रीतीने चाले. मुले चार-चारच्या टोळ्यांत बसत, संच-पेटीतील साध्या साहित्याने प्रयोग करीत, परिसरात फिरून पाने, माती, दगड गोळा करीत आणि आपली निरीक्षणे वहीत लिहीत. 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकाचे वैशिष्ट्य असे की त्यात प्रश्न होते, उत्तरे नव्हती. मापनातील चढउतार हा त्यातील एका धड्याचा विषयच होता. एकच लांबी वर्गातील अनेकांनी मोजली की आकडे वेगवेगळे येतात. कोणाचा आकडा 'बरोबर', हा प्रश्न मग शिक्षकाच्या अधिकाराने सुटत नाही. सर्व आकडे फळ्यावर मांडून त्यांचा विचार करावा लागतो. नाणेफेकीच्या शेकडो नोंदींतून संभाव्यता समजून घेण्याचा धडाही होता. राष्ट्रीय प्रदर्शनाच्या गुणपत्रकात ज्या गोष्टीला रकाना नव्हता, तिला येथे संपूर्ण धडा मिळाला होता.

मुलांनी आपले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला पत्राने कळवावेत अशी सोय केली होती आणि प्रत्येक पत्राला उत्तर पाठवण्याचा प्रयत्न होई. परीक्षेतही बदल झाला. आठवीच्या परीक्षेत लेखी पेपरला पुस्तक व वही उघडण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षा स्वतंत्र होती. स्वतःची वही परीक्षेला उपयोगी पडते म्हटल्यावर ती नीट ठेवली जाई. मूल्यमापनाची पद्धत बदलल्याशिवाय कामाची पद्धत बदलत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतीय शालेय शिक्षणात सापडणे कठीण आहे.

तरीही या कार्यक्रमाचे गौरवीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. तो आठवीला संपे आणि नववीत मूल पुन्हा पाठांतराच्या अभ्यासक्रमात जाई. पालकांची नजर दहावीच्या निकालावर होती. काही जिल्ह्यांपुरता वेगळा अभ्यासक्रम का, या आक्षेपाला राजकीय बळ मिळाले आणि २००२ साली राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे शासकीय शाळांत चाललेला प्रयोग एका निर्णयाने थांबला. अपयशाची कारणे वर्गाबाहेर होती, असे एकलव्यशी संबंधित मंडळी मानतात. ते बव्हंशी खरे आहे; पण वर्गाबाहेरच्या समाजाला वहीतील निरीक्षणे कधी दाखवलीच गेली नाहीत, हेही खरे. प्रदर्शन भरवणाऱ्यांना जे जमले होते, ते येथे कमी पडले. सादरीकरण ही केवळ सजावट नाही, लोकांचा पाठिंबा मिळवण्याचे ते साधन आहे, हे होशंगाबादच्या अखेरीकडे पाहिले की जाणवते.

या कार्यक्रमाचा महाराष्ट्राशी एक दुवा आहे. पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून खेळणी करू लागले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी केलेल्या भौमितिक रचना देशभर पोहोचल्या. पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी काम केले. त्यांची खेळणी मोडून पाहण्यासाठी होती. तीच खेळणी आज प्रदर्शनांत काचेच्या पेटीत 'उपकरण' म्हणून मांडलेली दिसतात, याला काय म्हणावे?

पाबळ : उपयुक्ततेची कसोटी

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. मिळवून हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात अनेक वर्षे काम केलेल्या या शास्त्रज्ञाने माध्यमिक शाळेसाठी 'ग्रामीण तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय विकसित केला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. आठवडयातील एक दिवस मुलांनी हाताने काम करायचे आणि त्यातून गावाला प्रत्यक्ष सेवा पुरवायची, असे त्याचे सूत्र. माती परीक्षण, रक्तगट तपासणी, लोखंडी सांगाड्याची जोडणी अशा कामांना गावकरी मोबदला देत.

येथे परीक्षक म्हणजे गिऱ्हाईक. जोडणी निखळली तर गिऱ्हाईक परत येते. स्टिम्सनचे शेत आणि वर्ध्याची टकळी यांच्याशी पाबळचे नाते सरळ जुळते. कलबागांनी नई तालीमचे ऋण मानलेही आहे. मात्र उपयुक्ततेच्या या कसोटीलाही मर्यादा आहे. पिंपळाच्या पानावरील शिरांची रचना किंवा मुंग्यांची रांग यांचे गिऱ्हाईक कोणी नसते आणि विज्ञानातील पुष्कळसे कुतूहल याच जातीचे असते.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आणि रोजनिशी

१९८७ चा भारत जन विज्ञान जथा हा लोकविज्ञान चळवळीतील महत्त्वाचा टप्पा. त्यातून निर्माण झालेले कार्यकर्त्यांचे जाळे आणि केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची विज्ञान प्रसार यंत्रणा यांच्या सहकार्यातून १९९३ साली पहिली राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद दिल्लीत भरली. त्याच वर्षी प्रा. यशपाल समितीचा शालेय ओझ्यासंबंधीचा अहवाल आला होता. होशंगाबादच्या आरंभीच्या काळात टाटा संस्थेतून मदत करणारे यशपाल या दोन्ही घटनांच्या पार्श्वभूमीवर दिसतात.

परिषदेने दहा ते सतरा वयोगटातील मुलांना गटाने प्रकल्प करण्यास सांगितले. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही दार उघडे ठेवले. दर दोन वर्षांसाठी एक मुख्य विषय जाहीर होतो. उदाहरणार्थ, २०१२-१३ साठी ऊर्जा आणि २०१४-१५ साठी हवामान. त्या विषयाच्या कक्षेत आपल्या परिसरातील प्रश्न गटाने शोधायचा, सर्वेक्षण किंवा प्रयोगाची आखणी करायची, काही महिने काम करायचे, लेखी अहवाल तयार करायचा आणि तक्त्यांच्या साहाय्याने तोंडी मांडायचा. प्रतिकृती आणण्याची आवश्यकता नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाची दिनांकवार रोजनिशी बरोबर आणायची. महाराष्ट्रात दीर्घकाळ या उपक्रमाचे समन्वयन ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने केले.

रोजनिशीच्या या अटीत १९७१ च्या साच्याची दुरुस्ती दडलेली आहे. वस्तू एका रात्रीत तयार होऊ शकते. तीन महिन्यांची रोजनिशी एका रात्रीत लिहिली तर अनुभवी परीक्षकाच्या ती लक्षात येते. एकाच शाईने, एकाच वळणात, एकही खाडाखोड नसलेली वही संशय निर्माण करते. ज्या दिवशी पाऊस पडला म्हणून नोंद घेता आली नाही, असे जी मुलगी लिहिते, तिच्या उरलेल्या नोंदींवर विश्वास बसतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही परीक्षा परिचयाची आहे. बखर आणि कीर्दखतावणी यांतील विश्वासार्हतेचा भेद तो याच खुणांवरून करतो.

परंतु येथेही जुने प्रश्न निराळ्या वेशात परतले. सुरुवातीला गटात पाचपर्यंत मुले असत आणि पुढच्या फेरीला गटप्रमुखच जाई. सर्वेक्षणासाठी उन्हात घरोघर फिरलेली चार मुले घरी राहत आणि नीट बोलणारे एक मूल प्रवासाला जाई. नंतर गटाची संख्या दोनवर आणली गेली. त्याने सहभागाचा अन्याय कमी झाला असेल, पण मोठ्या गटाचा विशाल सर्वेक्षणाचा लाभही गेला. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या १९८१ पासूनच्या डॉ. होमी भाभा बाल वैज्ञानिक स्पर्धेत लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृतिसंशोधन प्रकल्पाची अट आहे. तेथेही खासगी शिकवणीवर्गांनी प्रकल्पाची 'तयारी' करून देण्याचा व्यवसाय उभा केल्याचे सर्वज्ञात आहे. मुलाने काय करावे आणि प्रौढाने कोठे थांबावे, हा ड्यूई-किलपॅट्रिक वाद आता फीच्या पावतीसह समोर येतो.

वर्गात आणि महाविद्यालयात आलेला प्रकल्प

स्पर्धेतील प्रकल्प मोजक्या मुलांचा होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाला अधिष्ठान दिले आणि महाराष्ट्रात २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनाच्या आठ साधनांमध्ये प्रकल्पाचा समावेश झाला. अपवाद होता तो नियम झाला. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षकाने प्रत्येक विषयाचा प्रकल्प तपासायचा म्हटल्यावर त्याचे नियोजन मुलाकडून करवून घेणे शक्यच नव्हते. शाळेजवळच्या लेखनसामग्रीच्या दुकानांनी ही उणीव भरून काढली. ज्वालामुखी, सूर्यमाला, पवनचक्की, पर्जन्यजल संधारण असे तयार संच मिळू लागले. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली तेव्हा ज्वालामुखी पुठ्ठ्याचा झाला. लाव्हा पूर्वीप्रमाणेच खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा राहिला. या रासायनिक क्रियेचा ज्वालामुखीच्या कारणाशी काही संबंध नाही, हे सांगण्याची गरज बहुधा कोणाला वाटत नाही.

हीच मुले पुढे महाविद्यालयात येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००३ च्या आदेशानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यासाचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला, त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला होते. तलाव, नदी, टेकडी किंवा वस्ती यांना भेट देऊन निरीक्षणे नोंदवावीत, अशी अपेक्षा होती. एकेका महाविद्यालयात शेकडो विद्यार्थी आणि तपासनीस दोन, अशा स्थितीत या २५ गुणांचे काय झाले, हे प्राध्यापकवर्गाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात आखलेल्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक आहेत. त्याच्या नमुना अर्जात विद्यार्थ्याचे नाव, विषयाचे शीर्षक, मार्गदर्शकाचे नाव आणि पृष्ठसंख्या हे रकाने अनेक ठिकाणी आले आहेत. प्रश्न कसा सुचला आणि नोंदी कोणत्या तारखांना घेतल्या, हे रकाने घालणे त्या त्या अभ्यास मंडळाच्या हाती आहे.

या विषयाच्या पुढील संशोधनात साधनांची अडचण मोठी आहे. प्रदर्शनांच्या स्मरणिका, विजेत्यांच्या याद्या आणि उद्घाटनाची छायाचित्रे शाळांच्या कपाटांत जपून ठेवलेली आढळतात. मुलांच्या वह्या व रोजनिश्या मात्र निकालानंतर परत दिल्या जातात, किंवा वर्षअखेरीस रद्दीत जातात. १९७१ पासून महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत किती विहिरींची पातळी मोजली गेली, किती पिकांवरील किडींची नोंद झाली, किती ओढ्यांचे पाणी तपासले गेले, याचा पुरावा त्या वह्यांत होता.